समतोल स्थिरांक: ग्लुकोजच्या पाण्यापासून लॅक्टेटच्या क्युव्हेटपर्यंत

बीएस्सी करून जैवरसायनाच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारते. फळ्यावर लिहिते, ‘लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, समतोल स्थिरांक २५,०००’ (हे पायरुव्हेटचं लॅक्टेट करणारं एन्झाइम), आणि विचारते, या आकड्यात काय राहून गेलं आहे? बहुतेक जण एकक शोधतात. कुणी म्हणतं, एन्झाइम किती घातलं ते राहिलं. पीएच राहिला, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. याच अभिक्रियेचा स्थिरांक पीएच ९ ला अवघा २५० असतो, हे सांगितलं की वहीत खाली असलेल्या माना वर येतात.

हा लेख त्या पहिल्या आठवड्यासाठी आहे. बारावीचं रसायनशास्त्र आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरेल. पेन घेऊन बसा, कारण हा विषय नुसता वाचून कळत नाही. आकडे स्वतःच्या हाताने मांडावे लागतात.

सुरुवात एका साखरेपासून

एन्झाइम, पीएच, एटीपी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू) सगळं क्षणभर बाजूला ठेवू. ग्लुकोज पाण्यात अल्फा आणि बीटा अशा दोन वलयरूपांत असतं. शुद्ध अल्फा ग्लुकोज विरघळवून लगेच ध्रुवणमापकात पाहिलं, तर विशिष्ट वलन +११२.२ अंश दिसतं. शुद्ध बीटाचं +१८.७ असतं. दोन्ही द्रावणं तशीच ठेवा. अल्फाचं वलन उतरत जातं, बीटाचं चढत जातं, आणि काही तासांनी दोन्ही +५२.७ वर येऊन थांबतात.

दोन बाजूंनी निघून एकाच जागी येणं, हीच समतोलाची खरी खूण. ती लक्षात ठेवा, पुढे प्रत्यक्ष मोजमापात तिचा उपयोग होणार आहे.

आता बीटाचा वाटा काढू. (११२.२ − ५२.७) ÷ (११२.२ − १८.७) = ५९.५ ÷ ९३.५ = ०.६३६. म्हणजे सुमारे ६४ टक्के बीटा आणि ३६ टक्के अल्फा. साखळी उघडलेलं ग्लुकोज इतकं थोडं असतं, की या हिशेबात ते सोडून देता येतं. समतोल स्थिरांक म्हणजे समतोलावेळची उत्पादिताची संहती भागिले अभिकारकाची संहती:

के = [बीटा] ÷ [अल्फा] = ६३.६ ÷ ३६.४ = १.७५

शरीरात हेच रूपांतर झटपट करणारं म्युटारोटेज नावाचं एन्झाइम असतं. ते घातलं तर काही तासांचं काम फार लवकर उरकतं, पण वलन थांबतं ते +५२.७ वरच. एन्झाइम पुढची वाट जेवढी सोपी करतं, तेवढीच परतीचीही करतं, त्यामुळे मुक्कामाची जागा हलत नाही. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० मध्ये हे नेमक्या सूत्रात बसवलं. एन्झाइमच्या दोन्ही दिशांच्या कमाल गती आणि मायकेलिस स्थिरांक (ज्या संहतीला कमाल गतीच्या निम्मी गती मिळते ती संहती) हवे तसे असू शकत नाहीत. त्यांचं ठरावीक गुणोत्तर समतोल स्थिरांकाएवढं यावंच लागतं. तुम्ही पुढे कधी दोन्ही दिशांची गती मोजलीत, तर हे गुणोत्तर काढून पाहा. ते जुळलं नाही, तर मोजमापात कुठेतरी चूक आहे.

ऊर्जेत बदलण्याचा आकडा

तक्त्यांमध्ये बऱ्याचदा के दिलेला नसतो, प्रमाण मुक्त ऊर्जेतला बदल दिलेला असतो. दोघांतलं नातं असं: मुक्त ऊर्जेतला प्रमाण बदल = −आर × टी × के चा नैसर्गिक लॉग. आर म्हणजे वायू स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. २५ अंश सेल्सिअसला आर गुणिले टी म्हणजे २.४८ किलोजूल प्रति मोल. मी मुलांना एकच गोष्ट पाठ करायला सांगते: के दहापट बदलला की ऊर्जा ५.७ किलोजूलने बदलते. वरच्या ग्लुकोजसाठी −१.४ किलोजूल येतं. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या अभिक्रियेसाठी तक्त्यात −२५.१ दिसेल. २५.१ ÷ ५.७ = ४.४, आणि १० चा ४.४ वा घात म्हणजे साधारण २५,०००. एवढी उलटापालट बोटांवर जमली पाहिजे.

यातून आणखी एक गोष्ट कळते. ऊर्जेच्या आकड्यात १ किलोजूलची चूक किरकोळ वाटते, पण तेवढ्याने के दीडपट इकडेतिकडे होतो.

एकक पाहिल्याशिवाय टक्केवारी बोलू नका

ग्लुकोजमध्ये एकाचा एकच रेणू झाला, म्हणून के ला एकक नव्हतं. आता ग्लायकोलिसिसमधलं, म्हणजे पेशीत ग्लुकोज मोडण्याच्या वाटेवरचं, अल्डोलेज हे एन्झाइम घ्या. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचा एक रेणू तुटतो आणि तीन कार्बनांचे दोन ट्रायोज फॉस्फेट होतात. तक्त्यातला प्रमाण ऊर्जाबदल +२३.८ किलोजूल आहे, म्हणजे के सुमारे ०.००००७ मोलर. हिशेब सोपा व्हावा म्हणून ०.०००१ मोलर धरू.

इतका छोटा के पाहून वाटतं, ही अभिक्रिया पुढे जाणारच नाही. पण थांबा. सुरुवातीची संहती सी आणि तुटलेला भाग एक्स धरला, तर समीकरण होतं: एक्स × एक्स ÷ (सी − एक्स) = ०.०००१. सी जर १ मोलर असेल, तर जेमतेम १ टक्का रेणू तुटतात. सी जर ०.०००१ मोलर असेल, तर ६२ टक्के तुटतात! तोच के, तेच एन्झाइम, फक्त द्रावण पातळ. पेशीतल्या संहती मायक्रोमोलर-मिलिमोलरच्या घरात असतात, आणि प्रमाण स्थिती मात्र १ मोलरची मानलेली असते. एकाचे दोन होणाऱ्या अभिक्रियांबद्दल ‘ही उलटी जाते’ असं नुसतं चिन्ह पाहून ठरवलं, तर फसायला होतं.

पाण्याचं काय? पातळ जलीय द्रावणात पाणी समीकरणात लिहायचंच नाही, त्याची सक्रियता १ धरलेली असते. कुणी ५५.५ घालून गुणलं, तर उत्तर तेवढ्या पटीने चुकतं. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

हायड्रोजन आयन कुठे गेला

आता मुख्य मुद्दा. स्नायूंत दम लागेपर्यंत पळताना, आणि दुधात विरजण लावल्यावर जिवाणूंच्या पेशीतही, लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची ही अभिक्रिया घडते:

पायरुव्हेट + एनएडीएच + हायड्रोजन आयन ⇌ लॅक्टेट + एनएडी

(एनएडीएच आणि एनएडी म्हणजे हायड्रोजनची ने-आण करणाऱ्या एकाच सहएन्झाइमची दोन रूपं.)

रसायनशास्त्राच्या शिस्तीने लिहिलं तर हायड्रोजन आयनाची संहतीही छेदात यायला हवी. तसा स्थिरांक काढला तर तो २५,००० कोटी प्रति मोलर येतो. हा आकडा बरोबर आहे, पण रोजच्या कामाला गैरसोयीचा. जैवरसायनाची नळी बफरमध्ये असते, त्यामुळे थोडे हायड्रोजन आयन तयार झाले किंवा खर्च झाले, तरी पीएच जवळपास जागचा हलत नाही. म्हणून आपण पीएच ठरवून टाकतो, हायड्रोजन आयन समीकरणातून काढतो आणि उरलेल्याला के-प्राइम म्हणतो:

के-प्राइम = [लॅक्टेट] × [एनएडी] ÷ ([पायरुव्हेट] × [एनएडीएच])

पीएच ७ ला २५,००० कोटी गुणिले ०.०००००१ चा दहावा भाग, म्हणजे २५,०००. पीएच ८ ला २,५००. पीएच ९ ला २५०. लॅक्टिक आणि पायरुव्हिक आम्लं या पट्ट्यात आधीच पूर्ण आयन रूपात असतात, म्हणून इथे हिशेब इतका सरळ आहे. फॉस्फेटयुक्त रेणूंमध्ये तो इतका सरळ नसतो. एटीपी पीएच ७ च्या आसपास दोन-तीन आयन रूपांत असतं, त्यातलं बरंचसं मॅग्नेशियमला धरून बसलेलं. तिथे [एटीपी] याचा अर्थ ‘या सगळ्या रूपांची मिळून एकूण संहती’ असा घ्यायचा, आणि पीएचबरोबर मुक्त मॅग्नेशियमही नोंदवायचं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या रॉबर्ट अल्बर्टी यांनी हा विचार आयुष्यभर लावून धरला, आणि १९९४ मध्ये आययूपॅक आणि आययूबीएमबी या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या शिफारशींत तो अधिकृतपणे आला. रासायनिक समीकरणात अणू आणि विद्युतभार दोन्ही जुळवायचे असतात. जैवरासायनिक समीकरणात हायड्रोजन आणि मॅग्नेशियमचा हिशेब बफरवर सोडलेला असतो. हे दोन प्रकार एकाच समीकरणात मिसळू नका. परीक्षेच्या पेपरात मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे.

पीएचइतकीच तापमानाची आणि आयनिक तीव्रतेची (द्रावणातल्या आयनांच्या, त्यांचा भार धरून काढलेल्या, एकूण प्रमाणाची) नोंद महत्त्वाची. जैवरसायनशास्त्रज्ञ हॅन्स क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या यकृतासाठी याच अभिक्रियेचा आकडा वापरला, तो उलट्या दिशेचा ०.०००१११. पीएच ७, तापमान ३८ अंश, आयनिक तीव्रता ०.२५. त्याचा व्यस्त घेतला तर ९,००० येतो. पाठ्यपुस्तकात २५,००० आणि इथे ९,०००, मग खरा कोणता? दोन्ही खरे. लॅक्टेट होताना उष्णता बाहेर पडते, आणि अशा अभिक्रियेचा के तापमान वाढलं की घटतो. २५ अंशांचा आकडा ३८ अंशांच्या यकृताला लावला, तर जवळपास तिप्पट चूक होते.

आता स्वतः मोजून पाहा

एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (प्रकाश आरपार जाणाऱ्या छोट्या चौकोनी नळीत) १ मिलिमोलर एनएडीएचची शोषकता ६.२२ असते. एवढ्या एका गुणधर्मावर निम्मं एन्झाइमशास्त्र उभं आहे, असं मला नेहमी वाटतं.

पीएच ७ ला मोजायला जाऊ नका. समतोल लॅक्टेटकडे इतका झुकलेला असतो की उरलेलं एनएडीएच उपकरणाला धड दिसत नाही, आणि छोट्या आकड्याचा वर्ग छेदात बसून चूक फुगवतो. मोजमाप अशा परिस्थितीत करायचं, जिथे चारही पदार्थ मोजता येण्याइतके उरतात. म्हणून पीएच ९ चा बफर घ्या आणि लॅक्टेट मुद्दाम जास्त ठेवा. लॅक्टेट ५० मिलिमोलर, एनएडी ०.२ मिलिमोलर, तापमान २५ अंश. लॅक्टेट एल प्रकारचं घ्या, कारण स्नायूंतलं एन्झाइम डी प्रकाराला हात लावत नाही. एन्झाइम घालून ३४० ला वाचन घेत राहा. ते चढेल आणि थांबेल.

समजा ०.७७ ला थांबलं. एनएडीएच = ०.७७ ÷ ६.२२ = ०.१२४ मिलिमोलर. जेवढं एनएडीएच तेवढंच पायरुव्हेट, तेही ०.१२४. एनएडी उरलं ०.०७६, लॅक्टेट उरलं ४९.९. आता मांडा: ४९.९ × ०.०७६ ÷ (०.१२४ × ०.१२४) = सुमारे २४७. पीएच ७ ला न्यायचं तर शंभरने गुणा.

थांबलं म्हणजे समतोल आला असं मात्र लगेच धरू नका. एन्झाइम मेलं तरी वाचन थांबतंच. यावर दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही करायच्या. आणखी थोडं एन्झाइम घाला, वाचन हलता कामा नये. मग दुसऱ्या बाजूने या. पायरुव्हेट ०.२, एनएडीएच ०.२ आणि लॅक्टेट ४९.८ मिलिमोलर घेऊन सुरुवात करा. शोषकता १.२४ पासून उतरत येऊन त्याच ०.७७ ला थांबली पाहिजे. ग्लुकोजचं +५२.७ आठवलं का? तेच हे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर आकडा वहीत लिहिण्याच्या लायकीचा नाही, मग तो पुस्तकाशी कितीही जुळत असो.

बफरबद्दल एक कळकळीची सूचना. ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर उतरतो, दर अंशाला सुमारे ०.०३. खोलीत २५ अंशांना ८.० लावून ठेवलेला ट्रिस ३७ अंशांच्या क्युव्हेटमध्ये ७.७ च्या खाली जातो, आणि आपल्या अभिक्रियेचा के-प्राइम तेवढ्याने दुपटीहून जास्त होतो. विद्यार्थिदशेत माझे दोन आठवडे यात गेले. एन्झाइम बदललं, एनएडी नवं आणलं, आणि दोष निघाला पीएच कुठल्या तापमानाला लावला यात. ज्या तापमानाला मोजणार, त्याच तापमानाला पीएच लावा.

समतोल आडवा येतो तेव्हा

वरचं सगळं स्थिरांक काढण्यासाठी झालं. प्रयोगशाळेत जास्त वेळा गरज उलटी असते: नमुन्यात लॅक्टेट किती आहे ते हवं असतं, आणि त्यासाठी ते सगळं खर्ची पडायला हवं. के-प्राइम माहीत असला की हे जमेल का, ते आधीच कागदावर कळतं.

नमुन्यात ०.१ मिलिमोलर लॅक्टेट आहे आणि २ मिलिमोलर एनएडी घातलं असं धरा. पीएच ७ ला उलट्या दिशेचा स्थिरांक ०.००००४. वर्गसमीकरण सोडवलं तर जेमतेम २.८ टक्के लॅक्टेट बदलतं, शोषकता ०.०१७, म्हणजे जवळपास काहीच दिसत नाही. पीएच ९ ला स्थिरांक ०.००४, बदल २४ टक्के, शोषकता ०.१५. बरं झालं, पण पूर्ण नाही. पूर्ण झालं तर ०.६२ यायला हवं.

उरलेलं काम हायड्राझिन करतं. ते पायरुव्हेटला धरून हायड्राझोन बनवतं. पायरुव्हेट तयार झालं की नाहीसं होतं, मग समतोल भरून काढायला आणखी लॅक्टेट पुढे सरकतं, आणि असं करत सगळं संपतं. लॅक्टेटच्या जुन्या पद्धतींत ग्लायसीन-हायड्राझिनचा पीएच ९ च्या आसपासचा बफर असतो, तो याचसाठी. हायड्राझिन विषारी आहे, कर्करोगाचा धोकाही मानला जातो, म्हणून धूर ओढणाऱ्या कपाटातच हाताळा. शक्य असेल तर ग्लुटामेट आणि अॅलनीन ट्रान्सअमिनेज वापरा. तेही पायरुव्हेटचं अॅलनीन करून त्याला वाटेतून बाजूला करतं. या सगळ्यात के-प्राइम बदललेला नाही. बदललं ते फक्त समीकरणातलं एक पद.

दोन अभिक्रिया जोडल्या की त्यांचे स्थिरांक गुणायचे. ग्लुकोजला फॉस्फेट नुसतं चिकटवायचं तर के-प्राइम ०.००३९ प्रति मोलर. एटीपीच्या जलविघटनाचा सुमारे २ लाख मोलर. हेक्झोकायनेज दोन्ही एकत्र घडवतं, तेव्हा ०.००३९ × २,००,००० = ७८०. मोलर एकमेकांत कापले गेले आणि अशक्य वाटणारं काम सहज होऊन बसलं. ऊर्जेचे आकडे बेरजेत, स्थिरांक गुणाकारात, एवढं चुकवू नका.

पेशीत शिरताना

पेशी समतोलाला पोचलेली नसते. पोचली तर ती मेलेली असते. म्हणून पेशीबद्दल बोलताना दोन आकडे शेजारी ठेवायचे. एक के-प्राइम, आणि दुसरा त्याच सूत्रात पेशीतल्या प्रत्यक्ष संहती घालून आलेला, त्याला क्यू म्हणतात. क्यू लहान असेल तर अभिक्रिया पुढे, मोठा असेल तर मागे. क्यू भागिले के-प्राइम या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग आर-टीने गुणला की प्रत्यक्ष मुक्त ऊर्जा मिळते.

काही अभिक्रियांत क्यू आणि के-प्राइम जवळजवळ सारखे असतात, आणि त्या फार उपयोगी ठरतात. क्रेब्ज यांच्या गटाने नेमकं हेच केलं. यकृताच्या पेशीद्रवात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज भरपूर असतं, त्यामुळे तिथे ही अभिक्रिया समतोलाजवळ असते. मोकळं एनएडी आणि एनएडीएच थेट मोजता येत नाही, कारण बरंचसं प्रथिनांना चिकटलेलं असतं. पण लॅक्टेट आणि पायरुव्हेट मोजता येतात. लॅक्टेट पायरुव्हेटच्या दहापट असेल, तर ९,००० ÷ १० = ९००, म्हणजे एका मोकळ्या एनएडीएचमागे ९०० एनएडी. मोजता न येणारी गोष्ट, एका स्थिरांकाच्या आधाराने, भागाकार करून! मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा कळला त्या दिवशी या विषयाशी माझं नातं जडलं.

आता एक उदाहरण तुम्ही करा. सायट्रिक आम्लचक्रातलं शेवटचं पाऊल: मॅलेट आणि एनएडीपासून ऑक्झॅलोअॅसिटेट आणि एनएडीएच. प्रमाण बदल +२९.७ किलोजूल, म्हणून पीएच ७ ला के-प्राइम ०.०००००६. मायटोकॉन्ड्रियात एनएडी एनएडीएचच्या दहापट आणि मॅलेट ०.२ मिलिमोलर धरा. ही सरावासाठी घेतलेली संख्या आहे. समतोलावर ऑक्झॅलोअॅसिटेट किती असेल? ०.०००००६ × १० × ०.२ = ०.००००१२ मिलिमोलर, म्हणजे १२ नॅनोमोलर. चक्र पुढे फिरायचं तर ऑक्झॅलोअॅसिटेट याहूनही खाली ठेवावं लागतं. ते काम शेजारचं सायट्रेट सिंथेज करतं. त्याचा प्रमाण बदल −३२.२ किलोजूल, के-प्राइम ४ लाखांच्या वर. तयार झालेला ऑक्झॅलोअॅसिटेटचा रेणू ते उचलून घेतं, जसं क्युव्हेटमध्ये हायड्राझिन पायरुव्हेट उचलत होतं. पीएच ८ ला हेच १२ नॅनोमोलर किती होतील, ते काढून पाहा. या वेळी हायड्रोजन आयन उजव्या बाजूला आहे, हे विसरू नका.